रात्रीचा नाद

खडकीचे एक माळकरी आम्हांस पुसतात, ‘बुवा, घरची वीणा दिवसा मुकी, रात्री गोड. देव रात्री जवळ येतो काय?’ अहो, देव हलत नाही, गलबला हलतो! दिवसा मुंबई रस्त्याची वर्दळ; तारेचा बारीक झणत्कार तीत बुडतो. शिवाय निरभ्र रात्री जमीन आधी निवते, तिच्यालगतची हवा गार, वरची ऊबदार. म्हणून वर निघालेला नाद खाली वळतो नि स्टेशनातली शिट्टी लांबवर पोचते. तसा आपला टाळही पोचतो! शेजारी कारखान्याची पाळी करून निजलेला कामगार असतो. एकादशीचा जागर आपला, त्याचा नव्हे. रात्री १० नंतर उघड्यावरचे कर्णे बंद, हा २००० सालचा सरकारी नियमच आहे. आम्ही म्हणतो, घरातही टाळ मुठीत दाबून वाजवावेत. वीणा मात्र खाली ठेवू नये.