पांडुरंगा, पोरांच्या प्रवेशाचं तेवढं बघ

पांडुरंगा,

बारावीचा निकाल लागला. माझ्या वर्गातली बहुतेक पोरं पास झाली, त्यासाठी तुझ्या पायावर डोकं ठेवते. पण खरं मागणं आता सुरू होतंय. निकालापर्यंतची वाट पोरांना ठाऊक होती. पुस्तकं ठरलेली, पेपरच्या तारखा ठरलेल्या, पस्तीस गुणांची हद्दही ठरलेली. आता पुढच्या दोन-अडीच महिन्यांत सतरा-अठरा वर्षांच्या लेकरांना असे निर्णय घ्यायचे आहेत, जे त्यांच्या घरात आजवर कुणी घेतलेले नाहीत. विचारावं असं घरात कुणी नाही, म्हणून ती माझ्याकडे येतात, आणि मी तुझ्याकडे येते.

देवा, मी मंगळवेढ्याच्या बाजूची. चोखोबांच्या गावची. बंद दार म्हणजे काय, हे तू आतून पाहिलं आहेस. चोखोबा जन्मभर बाहेर उभे राहिले आणि त्यांची समाधीही महाद्वारापाशी, बाहेरच झाली. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे तुझं देऊळ सगळ्यांना खुलं झालं. गुरुजीही एकेकाळी अंमळनेरच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्याच पेशातली मी, माझ्या पोरांसाठी प्रवेश मागायला तुझ्यापुढे आले आहे.

आधी कागदांचं मागते. चांगले मार्क असलेली पोरंही कागदांपाशी अडतात. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पुढच्या 31 मार्चपर्यंत चालेल असं नॉन-क्रिमिलेयर. एकेका दाखल्यासाठी तलाठी, सेतू, तहसील, प्रांत अशा चकरा होतात. त्यात जात वैधता सगळ्यात अवघड. भटक्या जमातीतल्या मुलाला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो, ओबीसीतल्या मुलाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. आजोबा शाळेत गेले असतील तर जनरल रजिस्टरचा उतारा निघतो. पण ज्याचे आजोबा आयुष्यभर मेंढरांमागे रानोमाळ हिंडले, पाटीला ज्यांचा हात कधी लागला नाही, त्यांचं नाव कोणत्या रजिस्टरात शोधायचं? ज्या घरात शिक्षण पहिल्यांदाच येतंय, त्याच घराला शिक्षणाचा जुना पुरावा मागितला जातो. हे मला फार लागतं, विठ्ठला. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत, जमिनीच्या एखाद्या जुन्या उताऱ्यावर, चुलत आजोबांच्या दाखल्यावर, कुठेतरी ते नाव सापडू दे. नोंद मोडीत असेल तर ती वाचणारा भेटू दे. खिडकीपलीकडचा माणूसही तुझंच लेकरू. ‘उद्या या’ म्हणण्याआधी समोरचा किती लांबून आलाय, त्याचा आजचा रोज बुडालाय का, एवढं विचारायचं त्याच्या मनात येऊ दे. आणि जी पोरं आत्ता अकरावीत बसली आहेत त्यांच्या घरी यंदाच जाग येऊ दे. वैधतेचा अर्ज अकरावीतच गेला तर पुढच्या उन्हाळ्यातली निम्मी धावपळ टळते.

तुझी वारी आणि ही प्रवेशाची धांदल बहुतेक एकाच सुमारास येतात. कुणाचे वडील आळंदीपासून माउलींच्या पालखीबरोबर चालत असतात, आणि घरच्या एकुलत्या एका मोबाईलचा नंबर फॉर्मवर दिलेला असतो. ओटीपी दिंडीत पोहोचतो आणि पोरगी इकडे सायबर कॅफेत बसून राहते. त्या बापाला घरी परत पाठव असं मी कसं म्हणू? तो तुझ्याच ओढीनं निघालाय. एवढंच कर, मुक्कामाच्या गावी त्याच्या फोनला रेंज असू दे, चार्जिंग असू दे, आणि लेकीचा फोन त्याला अभंगाच्या आवाजातही ऐकू जाऊ दे.

आता सीईटीचं. दोनशे गुणांचा पेपर, चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, वीस टक्के प्रश्न अकरावीचे आणि ऐंशी टक्के बारावीचे. हे पोरांना पाठ आहे. निकालाचा आकडा मात्र घरच्यांना कळत नाही. मुलगा ऐंशी पर्सेंटाइल सांगतो आणि घरात पेढे वाटले जातात. ऐंशी टक्के मार्क पडले, असं त्यांना वाटतं. मग कॉलेजांचे कटऑफ बघून सगळ्यांची तोंडं उतरतात. पोरानं फसवलं असं कुणाला वाटू नये, देवा. परीक्षेला बसलेल्या शंभरातली ऐंशी त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, हा त्या आकड्याचा अर्थ कुणीतरी त्यांना शांतपणे बसून समजावू दे. मी समजावीन, पण सगळ्या घरांपर्यंत मी एकटी कशी पुरणार?

ऑप्शन फॉर्म भरताना पोरांच्या हाताशी बैस. कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमानं लावायच्या असतात. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांची वाट बंद होते. म्हणून वरच्या ओळीत पोराच्या मनातलं नाव असू दे. मित्रानं भरलं म्हणून, क्लासवाल्यानं सांगितलं म्हणून, कॅफेवाल्यानं घाईत आधीच्या पोराचीच यादी चिकटवली म्हणून कुणाची चार वर्षं ठरू नयेत. कटऑफ उंच आहे म्हणून हवं ते कॉलेज वर लिहायला पोरं बिचकतात. ते वर लिहिलं आणि मिळालं नाही, तरी खालच्या पसंतीवरचा हक्क जात नाही. त्यांची ही भीती काढून टाक.

आणि जे मनात आहे ते घरी बोलायचं बळ दे. माझ्या वर्गातल्या एका मुलीला कृषीला जायचंय. राहुरीच्या विद्यापीठाचं नाव तिनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. वडील म्हणतात, शेतीत आम्ही मेलो, आता तुला कशाला तिकडं? त्यांचं दुःख खोटं नाही. दुष्काळानं त्यांना पुरतं दमवलंय. पण आमच्या काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर येणारी ज्वारी बघून त्या पोरीला प्रश्न पडतात. कमी पाण्यात हे कणीस भरतं कसं, हे तिला शिकायचंय. बापाचं दुःख आणि पोरीची जिज्ञासा एकाच मातीतून आलीत. रात्री जेवण झाल्यावर दोघांना समोरासमोर बसव, आणि बापाला तिचं शेवटपर्यंत ऐकून घेऊ दे.

ज्याला आयटीआयला जाऊन फिटर व्हायचंय, त्याला ‘मार्क असून वाया गेला’ असं कुणी म्हणू नये. जिला नर्सिंगला जायचंय, तिला रात्रपाळीच्या नावानं कुणी घाबरवू नये. आणि एका पोराला इतिहास घेऊन बी.ए. करायचंय. त्यानं हे मला इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला गलबलून आलं.

मुलींसाठी वेगळं मागते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. ही गोष्ट ज्या घरांना ठाऊक नाही तिथवर ती पोहोचू दे. पण विठ्ठला, फी माफ झाली तरी सोलापूर-पुण्यात राहायची खोली माफ होत नाही, मेस माफ होत नाही. ‘पैसे नाहीत’ हे कारण संपलं की ‘लांब आहे’ हे कारण पुढे येतं, आणि त्याच्यामागे स्थळ उभं असतं. माझ्या वर्गातल्या दोघींची स्थळं आत्ताच बघितली जाताहेत. त्यांच्या आयांना तू ओळखतोस. त्याही कधीकाळी वर्गात पहिल्या यायच्या. त्या आयांच्या तोंडून एकदा ‘थांबा’ निघू दे, आणि घरानं ते ऐकू दे.

बाहेरगावी जाणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर दे. राहायचा प्रश्न आजचा नाही. 1901 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृह काढलं, 1919 साली कर्मवीर भाऊरावांनी काले गावी रयतचा पाया घातला, पुढे कमवा आणि शिका सुरू केलं. जेवणाखाण्याची सोय झाली तर शेतकऱ्याचं पोर शिकतं, हे त्यांनी ओळखलं होतं. ते ओळखणारी माणसं आजही जन्माला घाल. सरकारी वसतिगृहाची यादी वेळेवर लागू दे, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती वर्ष सरायच्या आत खात्यात जमा होऊ दे, म्हणजे बापाला सावकाराच्या दारात जावं लागणार नाही.

आता शेवटचं, आणि हेच मला सगळ्यात जास्त मागायचंय. गुणपत्रिका वाटल्या त्या दिवशी एक मुलगा आला नाही. दोन विषय राहिलेत. परीक्षेच्या हंगामात आईबाप कारखान्याला ऊस तोडायला गेले होते. धाकट्या बहिणीचं जेवणखाण बघत त्यानं पेपर दिले. त्याचा फोन लागत नाही. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत थोडीच आहे, फीची सोय मी केली आहे, दोन्ही विषय मी आणि माझे सहकारी त्याला शिकवू. त्याला फक्त कॉलेजात यायचंय. माझ्यासमोर उभं राहायची त्याला लाज वाटत असेल तर ती घालव. तो कुणाच्या गाडीवर कामाला लागला असेल तर त्या मालकाला दयाळू कर. मी उद्या त्याच्या वस्तीवर जाते आहे. तो घरी सापडू दे, पांडुरंगा, आणि मुदत संपायच्या आत त्याची फॉर्मवर सही होऊ दे.