जबड्यावर बोट ठेवून

स्वस्थ बसा. खांदे सैल सोडा. एक बोट हनुवटीवर टेकवा आणि जबड्याच्या कडेकडेने सावकाश कानाकडे न्या. कातडीखाली हाड लागतं. हाडाच्या आत काय आहे, ते बोटाला कळत नाही.

आत एक बारीक नळी आहे. तिच्यातून एक नस हनुवटीकडे जाते. आता ओठ हलकेच मिटा. खालच्या ओठाला जो स्पर्श जाणवतो, तो या नसेमुळे. चहा पोळतोय हे त्या ओठाला कळतं, तेही तिच्यामुळेच. दोन श्वास या जाणिवेपाशी थांबा.

आता मनात एक अक्कलदाढ आणा. आडवी, हाडात रुतलेली, काढावी लागणारी. ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेवर, तिचं मूळ थेट नळीवर आलेलं दिसतं. दोन्ही खरंच चिकटलेली आहेत, की नळी गालाच्या बाजूला आणि मूळ जिभेच्या? भिंतीवर दोन माणसांच्या सावल्या एकमेकींत मिसळाव्यात, तसं हे चित्र. पुढे कोण, मागे कोण, ते त्यात उरत नाही. एक्स-रे शोधणाऱ्या रॉन्टजेन यांनी १८९५ साली पत्नीच्या हाताची हाडं टिपली, तेव्हापासून साध्या एक्स-रेची ही मर्यादा आहे.

या मर्यादेवरचा उपाय १९७१ साली लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका रुग्णावर प्रथम वापरला गेला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने मेंदू छेदाछेदाने दाखवला. युक्ती अशी : एकाच जागेकडे अनेक कोनांतून पाहायचं आणि आतलं काय ते गणिताने काढायचं. यावर जरा रेंगाळा. एका बाजूने पाहून आपण किती गोष्टींचा निकाल लावून टाकतो!

आज याच युक्तीवर चालणारं, दातांसाठीचं सीबीसीटी यंत्र डोक्याभोवती फिरतं. हनुवटी टेकवून तेवढा वेळ स्थिर राहायचं. मग डॉक्टर पडद्यावर जबडा हवा तसा वळवून पाहतात. मूळ आणि नळी यांच्यामधलं हाड मिलिमीटरमध्ये मोजतात. हाड कुठून कोरायचं, दाढेचे तुकडे कसे करायचे, की मुळं आत ठेवून फक्त वरचा भाग काढायचा, हे हत्यार हातात घेण्याआधी ठरतं.

पुन्हा बोट जबड्यावर न्या. सीबीसीटीच्या चित्रात नळी दिसते, आतली नस दिसत नाही. धोक्याचा अंदाज येतो, पण ओठ बधिर होणारच नाही याची हमी मिळत नाही. शिवाय किरणांची मात्रा सहसा ओपीजीपेक्षा जास्त असते. मूळ नळीपासून लांब आहे हे ओपीजीवरच स्पष्ट असेल, तर सहसा ओपीजी पुरतो.

आता बोट खाली घ्या. कधी तुम्हाला असा स्कॅन सांगितला, तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. डॉक्टरांना एवढंच विचारा : या चित्रामुळे माझ्या उपचारात काय बदलेल? उत्तर नेमकं मिळालं, तर स्कॅन जरूर काढा.