धीर कोणाचा?

तंजावरात बदलीवर आलेल्या मराठी माणसाला बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ सालचा मराठी शिलालेख पाहण्याची घाई असते. आमच्या मातोश्रींनी मात्र प्रथम चौकशी केली ती तिरुकरुगावूरची. पापनाशमजवळच्या या गावी गर्भरक्षाम्बिका नांदते. सुखरूप सुटकेसाठी तेथील प्रसादाचे एरंडेल गर्भवतीच्या पोटाला लावतात. कन्या पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे यावयाची होती. तिचे माहेर म्हणजे आमची जेथे बदली असेल ते गाव.

कन्येच्या मनाने मात्र वेगळेच घेतले होते. आजीची बाळंतपणे घरी झाली, मग आपले का होऊ नये? भीती गेली की निम्मे दुखणे गेले, असे तिने वाचले होते. हे अगदीच निराधार नाही. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने १९४२ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले होते: भयाने शरीर आखडते, आखडल्याने वेदना वाढते आणि वेदनेने पुन्हा भय. पण त्यावरून भय हाच काय तो शत्रू, असे मानावयाचे काय? २०१८ साली तिरुप्पूर येथे दांपत्याने घरीच प्रसूती करू पाहिली आणि त्या तरुणीचा रक्तस्रावाने अंत झाला. धीर तेथेही कमी नव्हता.

उलट, इस्पितळाच्या भिंतीतही पुण्य साठलेले नसते. व्हिएन्नाच्या सूतिकागृहात शवचिकित्सा करून येणारे विद्यार्थी ज्या कक्षात बाळंतपणे करीत, तेथे सुइणींच्या कक्षापेक्षा अधिक स्त्रिया दगावत. १८४७ मध्ये सेमेलवाइसने हात धुवावयास लावले तेव्हा मृत्यू उतरले. आणि गडचिरोलीत १९९५ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत साध्या खेडुत स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजातांची शुश्रूषा करविली. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. घर तेच, बाळंतीणही तीच. दारात येणारी बाई मात्र जाणती झाली होती.

हे सारे आम्ही कन्येला सांगितले. पुरुषाने या विषयावर बोलावे तितके थोडेच, हेही जाणवत होते. कळा ज्याला यावयाच्या नाहीत त्याने दुसऱ्याला धीर शिकविणे सोपे, आणि भीती घालणे तर त्याहून सोपे.

मग मातोश्री बोलल्या. त्यांची चार बाळंतपणे आम्हां सर्वांना पाठ होती: सुईण, शेगडी, ओव्याची धुरी. त्या दिवशी त्यांनी पाचवे सांगितले. बाळाला सातव्या दिवशी धनुर्वात झाला होता. नाळ कशाने कापली हे तेव्हा कोणी विचारले नव्हते.

कन्या बराच वेळ गप्प होती. नंतर तिने तिरुच्चिरापल्लीच्या तायुमानवराची गोष्ट काढली. कावेरीच्या पुराने आई पैलतीरी अडकली, तेव्हा शंकर त्या आईचे रूप घेऊन बाळंतपणाला आला. वैद्याचे नव्हे, हे तिने दोनदा सांगितले. “मी इस्पितळात जाते,” ती म्हणाली, “पण आईला माझ्याजवळ बसू देतील का, एवढे विचारून या.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाण्यापूर्वी आम्ही ते विचारावयास गेलो.