बुचांची चौकट

माझ्या एका भाचीच्या घरीं आरशाभोवतीं द्राक्षमद्याच्या बाटल्यांच्या जुन्या बुचांची चौकट आहे. उभ्या-आडव्या जोड्यांनीं बुचें चटईच्या विणीसारखीं डकविलेलीं. कांहींच्या टोकांस मद्याचा जांभळट डाग अद्यापि शाबूत. चौकट सुंदर आहे, हें प्रथमच कबूल करतों. "मामा, सारें टाकाऊ मालाचें आहे बरें का!" असें ती अभिमानानें म्हणाली; आणि मीं न विचारतांच, बुचांची भरलेली पिशवीच विकत मिळते, असेंही तिनें सांगितलें. त्या घरीं मद्य कोणीच घेत नाहीं.

विकत आणलेली वस्तु टाकाऊ कशी?

जुनीं बुचें वापरल्यानें झाडें वांचतात, असें कोणी म्हणेल. परंतु पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतांत बुचाच्या ओक वृक्षाची केवळ साल काढतात, झाड तोडीत नाहींत. झाड सुमारें पंचवीस वर्षांचें झालें म्हणजे पहिली साल निघते. पुढें दर खेपेस निदान ९ वर्षें थांबावें लागतें, आणि पहिल्या दोन खेपांची साल बाटलीच्या बुचास निरुपयोगी ठरते. म्हणजे चांगलें बूच मिळावयास झाडानें चाळिशी ओलांडली पाहिजे. कुऱ्हाड आंतल्या थरास लागली तर तेथें पुन्हां साल येत नाहीं, म्हणून हें काम सराईत हातांचेंच. सोलल्या वर्षाचा शेवटचा आंकडा खोडावर रंगवितात. २०१५ सालीं सोललेल्या झाडावर ५. एका पिढीनें लावावें आणि दुसरीनें सोलावें असा हा व्यवहार, आणि बुचांस मागणी आहे म्हणून तीं वनें राखलीं जातात. भाचीच्या चौकटीनें एकही वृक्ष वांचला नाहीं. पिशवीभर बुचें उकिरड्यावर जाण्याचीं टळलीं, एवढें श्रेय मात्र तिचें.

मग "टाकाऊ" या शब्दाची तिला गरज कां भासावी? आमच्या आईच्या गोधडींत तिचीं स्वतःचीं विटलेलीं लुगडीं होतीं. तिला कोणी कला म्हटलें नाहीं, काटकसरही म्हटलें नाहीं. थंडी होती, म्हणून ती शिवली. भाचीनें "आवडली, म्हणून आणली" असें म्हटलें असतें, तर मला हा लेख लिहावा लागला नसता. हौसेस सद्गुणाचें प्रशस्तिपत्र लागावें, ही आमच्या वर्गाची जुनीच खोड. मींही अनेक पुस्तकें "संदर्भासाठीं" म्हणून घेतलेलीं आहेत.

निघतांना मीं चौकट जवळून पाहिली. खालच्या कोपऱ्यांतील एका बुचावर शाईनें तारीख आणि दोन आद्याक्षरें लिहिलेलीं होतीं; कोणाच्या तरी विवाहाचें वा भेटीचें तें बूच जपून ठेवलेलें असावें, आणि पुढें केव्हां तरी पिशवींत पडलें असावें. भाचीस दाखविलें. तिनें तें आजवर पाहिलेंच नव्हतें.