कात्री कुठे लावायची?

कल्याण-डोंबिवलीच्या घरांत काटकसर करायचं ठरलं, की कात्री आधी चालते दुधावर, फळांवर, नाहीतर आजीच्या रिक्षावर. मला हे पटत नाही. नकळत जाणारा पैसा आधी अडवावा.

लोकलचा पासच घ्या. तिमाही पासाचं मूळ भाडं मासिकाच्या २.७ पट, वार्षिकाचं १०.८ पट. म्हणजे वर्षभर ठाण्याला जाणारा माणूस दर महिन्याला पास काढतो, तेव्हा महिन्याभराहून जास्त भाडं उगाच भरतो. शिवाय खिडकीपुढची रांग आहेच! विजेचंही तसंच. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर दर एकदम चढतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा बऱ्याचदा त्याच महागड्या दराने फिरतो.

स्टेशनबाहेर मिळणाऱ्या निवडलेल्या मेथीला मात्र उधळपट्टी म्हणू नका. संध्याकाळच्या गर्दीतून उतरलेल्या बाईला त्यातून अर्धा तास टेकायला मिळतो.

तुमचा पास संपत आला असेल, तर या वेळी तिमाही मागा. आणि मोबाईलवरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्या आज रात्री जेवताना सगळ्यांनी मिळून तपासा. जी कुणालाच आठवत नाही, ती लगेच बंद करा.