सांपडलेलें धन

जमिनींत पुरलेलें धन ज्याला सांपडतें त्याचेंच तें होतें काय, हा प्रश्न वरवर पाहतां वकिलाच्या कचेरींतला वाटतो. ज्यानें तें पुरलें तो कधींच कालवश झाला. त्याचे वारस कोण, हें सांगावयास कोणी उरलें नाहीं. मग उकरणारानें तें नेलें, तर त्यानें कोणाचें काय घेतलें?

धातुशोधक यंत्र घेऊन जुन्या शेतांतून हिंडण्याचा छंद इंग्लंडांत पुष्कळांना आहे. १९९२ सालच्या नोव्हेंबरांत सफोक परगण्यांतील हॉक्सन गांवीं एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. तो शोधावयास त्याचा मित्र यंत्र घेऊन गेला, तों त्याला रोमन काळचीं सोन्यारुप्याचीं नाणीं लागलीं. कांहीं वर काढल्यावर त्यानें हात आवरला आणि वर्दी दिली. पुरातत्त्वज्ञांनीं दुसऱ्याच दिवशीं ती जागा पद्धतशीर उकरली. सुमारें १५,००० नाणीं निघालीं. शिवाय रुप्याचीं भांडीं व सोन्याचे दागिने. लांकडी पेटी कुजून गेली होती, तरी वस्तु जागच्या जागीं असल्यामुळें त्या पेटींत कशा रचल्या होत्या हें कळलें. शोधणाऱ्यास साडेसतरा लक्ष पौंड मिळाले. ते त्यानें शेतकऱ्याबरोबर वांटून घेतले. हातोडाहि सांपडला, आणि तो आज ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहीं आहे!

याच्या उलट २०१५ सालीं हेरेफर्डशायरांत दोघां शोधकांना नवव्या शतकांतला ठेवा मिळाला आणि त्यांनीं तो दडविला. नाणीं सुमारें ३०० असावींत असा अंदाज आहे. २०१९ सालीं त्यांना शिक्षा झाली तेव्हां हातीं आलीं होतीं अवघीं ३१. वेसेक्सचा आल्फ्रेड व मर्शियाचा केओलवुल्फ यांनीं एकाच धर्तीचीं नाणीं पाडलीं, असें त्यांवरून दिसतें. केओलवुल्फला परक्यांच्या हातचें बाहुलें ठरविणाऱ्या जुन्या बखरीविषयींचा संशय त्यामुळें बळावतो. उरलेल्या नाण्यांनीं आणखी काय सांगितलें असतें कोण जाणे!

म्हणजे शेतांत दोन वस्तु पुरलेल्या असतात: एक धातु, दुसरी साक्ष. चोरलेली धातु परत मिळविता येते. साक्ष मात्र माती एकदांच देते. शोधक म्हणेल, “मी नसतों तर नांगरानें तें सारें मोडलें असतें.” खरें आहे, म्हणूनच त्याला बक्षीस देणें न्याय्य आहे. परंतु वाचविणाऱ्याचा हक्क मालकाच्या हक्काहून निराळा. बुडत्याला वांचविणारा त्याच्या खिशाचा धनी होत नाहीं.

आतां आपल्याकडचें पाहा. प्रवरेकाठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं झाडाचें मूळ खणतांना एका भिल्ल शेतकऱ्यास ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा हीं शिल्पें मिळालीं. तीं शास्त्रीय उत्खननांत न सांपडल्यामुळें त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत वाद माजला. साक्ष येथेंहि हरवली. पण त्या शेतकऱ्याला दोष कोण देईल? त्याचा हात सरपणाच्या शोधांत होता. हानि सारखी असली तरी पाप सारखें नसतें. जाणतेपणाबरोबरच जबाबदारी येते. जो यंत्र घेऊन मुद्दाम जुन्याच्या मागें निघाला, त्याला अज्ञानाची सबब उरत नाहीं.

यंत्राचा आवाज कोणालाहि ऐकूं येतो. तो ऐकून हात थांबविणें, हीच खरी कसोटी आहे.