रणभूमीवरील परका

युद्धांत जेथें माणसांचा संहार झाला असें एखादें स्थळ पाहावयास परदेशांतील प्रवासी जातो, तेव्हां तो तेथें नक्की कशासाठीं जातो? तीर्थयात्रा म्हणावी, तर तें त्याचें दैवत नव्हे. श्राद्ध म्हणावें, तर मृतांपैकीं कोणी त्याचा सपिंड नव्हे. केवळ कुतूहल म्हणावें, तर तेथें तो आपोआप आवाज खालीं आणतो. बहुधा त्याला असें वाटत असतें कीं, एक उसासा टाकला आणि ‘युद्ध वाईट’ असें मनाशीं म्हटलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें. हा उसासा पुरेसा आहे काय?

फ्रान्समधील व्हर्दून येथें तो पुरेसा वाटतो खरा. १९१६ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत चाललेल्या त्या लढाईंत दोन्ही पक्षांचीं मिळून सुमारें ३ लाख माणसें मेलीं. फ्लरी नांवाचें गांव उद्ध्वस्त झालें तें पुन्हां वसलेंच नाहीं. गांवांत वस्ती नाहीं, पण त्याचा मेयर मात्र अद्याप नेमला जातो. जवळच दुओमाँ येथें १९३२ सालीं उघडलेलें अस्थिगृह आहे. बाहेरच्या भिंतींतील लहान खिडक्यांतून डोकावलें असतां आंत हाडांचे ढीग दिसतात. ओळख न पटलेल्या सुमारें १ लाख ३० हजार फ्रेंच व जर्मन सैनिकांचे ते अवशेष होत. कोणतें हाड कोणाचें, हें सांगतां येत नाहीं. १९८४ मध्यें फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ व पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल याच वास्तूसमोर हातांत हात घेऊन उभे राहिले, तें उचितच होतें. मृत्यूनें पुसलेला शत्रुमित्रभेद परक्यानें पुन्हां कां उकरून काढावा?

परंतु हाच उसासा घेऊन तो ओरादूर-स्यूर-ग्लान या गांवीं गेला तर चालणार नाहीं. १० जून १९४४ रोजीं जर्मन एस. एस. सैनिकांनीं तेथील पुरुषांना कोठारांतून नेऊन गोळ्या घातल्या आणि बायकामुलांना चर्चमध्यें कोंडून जाळलें. ६४० हून अधिक जीव गेले. जळकें गांव मुद्दाम तसेंच राखून नवें गांव शेजारीं वसविलें आहे. येथें मारणाऱ्यांना व मरणाऱ्यांना एकाच करुणेंत गुंडाळणें हें औदार्य दिसतें, पण तो बुद्धीचा आळस होय. दोष देणेंही सोपें नाहीं. १९५३ सालीं बोर्दो येथें खटला चालला, तेव्हां आरोपींपैकीं १४ जण फ्रान्सच्याच अल्सास प्रांताचे निघाले, व त्यांतील १३ जणांना जर्मनांनीं सक्तीनें भरती केलें होतें. फ्रेंच पार्लमेंटनें लवकरच सक्तीच्या सैनिकांना माफी दिली. ओरादूरचे लोक त्यामुळें संतप्त झाले.

कोणी म्हणेल, न्यायनिवाडा हा पाहुण्याचा अधिकार नव्हे. तें मान्य आहे. पण न जाणतां शोक करण्याचा अधिकार तरी त्याला कोठून आला? दुःख आप्तांचें असतें. तें उसनें घेतां येत नाहीं. येथें काय घडलें, कोणीं केलें, कोणाच्या आज्ञेनें केलें, हें जाणून घेण्याचे श्रम तेवढे परक्याच्या हातीं आहेत.

शिवाय आपण परके आहों, हें तरी कितपत खरें? उत्तर फ्रान्समधील नव-शापेल येथें १९१५ च्या मार्चमध्यें झालेल्या हल्ल्यांत निम्में सैन्य हिंदी होतें. तेथें १९२७ सालीं झालेल्या वर्तुळाकार स्मारकाच्या भिंतीवर, ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं व मजुरांचीं नांवें आहेत. व्हर्दूनच्या फ्रेंच शिपायाप्रमाणें ते स्वदेशाचें रक्षण करीत नव्हते. ओरादूरच्या गांवकऱ्यांप्रमाणें ते केवळ बळीही नव्हते. पगारासाठीं, पलटणीच्या इभ्रतीसाठीं, खाल्ल्या मिठाला जागण्यासाठीं ते परक्या साम्राज्याची लढाई लढावयास समुद्र ओलांडून गेले. त्यांना वीर म्हणावें, चाकर म्हणावें, कीं फसविलेले म्हणावें? त्या भिंतीपुढें उभ्या राहिलेल्या हिंदी माणसाला आपुलकी वाटते आणि अवघडल्यासारखेंही होतें. तें अवघडलेपण त्यानें उसाशांत विरूं देऊं नये. तेंच घेऊन घरीं यावें आणि त्या माणसांविषयीं वाचावयास बसावें.